मंडपातलं सोवळं

माधव करंदीकरांचा कारखाना कोलकात्यात, डमडम भागात, रेल्वेलाइनीच्या अगदी कडेला. वडिलांपासून तिथे डब्यांतल्या बर्थच्या साखळ्या आणि वर चढायच्या शिड्या बनत आल्या. रेल्वेने लांब पल्ल्याच्या नव्या गाड्यांची मोठी ऑर्डर दिली, तेव्हा माधवरावांना कळून चुकलं की जुने डबे आता जाणार आणि त्यांच्याबरोबर आपणही. नव्या गाडीत साखळी नव्हतीच. शिडी मात्र होती. गाड्या बांधणाऱ्या कंपनीने शिडीचे नमुने मागवले. ही शिडी आपली लागली तर कारखाना राहणार, नाहीतर कुलूप.

नमुना असा उतरला की नुसता हात फिरवत राहावा. माधवरावांनी तो कौतुकाने घरी आणून दिवाणखान्यात उभा केला. पाठवायची मुदत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होती आणि तोवर माधवराव तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बुडालेले. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस त्यांना पहिल्यापासूनची. त्यांच्या पत्नी पुष्पाताई म्हणायच्या, या दिवसांत कारखाना जळाला तरी यांना आरतीनंतरच कळेल.

मंडळाचा एक नियम होता, माधवरावांनीच घातलेला. मंडपात कामाचं बोलायचं नाही. कोलकात्यातले मराठी लोक म्हणजे निम्मे बदलीवर आलेले साहेब, निम्मे इथेच जन्मलेले धंदेवाले आणि मास्तर. गूळ तिथे मुंग्या यायच्याच. एकदा कौस्तुभ नावाच्या कंत्राटदाराने आरतीच्या ताटाशेजारीच बँकेतल्या साहेबांपुढे आपलं रखडलेलं प्रकरण काढलं. माधवरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि बाहेरची वाट दाखवली. तो पुन्हा आला नाही. मंडळाला मात्र आपल्या सोवळ्याचा केवढा अभिमान!

सलील दाते रेल्वेत, नव्या गाड्यांचं सामान तपासणाऱ्या विभागात. पुण्याहून बदलून आलेला. गणपतीत रोज पंगतीला तो माधवरावांच्या शेजारी बसला. दोघं अळूच्या भाजीवर बोलले, मुलांच्या मोडक्या मराठीवर बोलले, शिडीवर अवाक्षर नाही. माधवरावांना भरून यायचं. पोरगा अगदी आपल्या वळणाचा आहे म्हणायचे.

विसर्जन झालं, नमुना गेला आणि दारातूनच परत आला. शिडीचं माप गणपतीतच बदललं होतं. गोल पायऱ्या म्हाताऱ्यांच्या तळव्यांना रुततात, म्हणून आता सपाट आणि रुंद पायऱ्या हव्या होत्या. सगळ्या कारखान्यांना ईमेलने कळवलं होतं. लपवाछपवी काही नव्हती. माधवरावांनी तेवढे दिवस कॉम्प्युटर उघडला नव्हता, आणि मुदत संपली होती.

ते तडक सलीलच्या घरी गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ऋताने, सलीलच्या बायकोने, चहा ठेवला. तिच्यासमोरच त्यांनी विचारलं, "गौरींच्या हळदीकुंकवाला ही आमच्याकडे शिडी पाहून गेली. गोल पायऱ्यांची. तुला बोलली होती का?"

"बोलली होती, काका."

"म्हणजे तुला माहीत होतं."

सलील म्हणाला की त्याला वाटलं, काका बदलून घेतीलच. आणि मंडपात कामाचं काढायचं कसं?

"मंडप संपला की रस्ता लागतो, सलील."

सलील खाली बघतच म्हणाला, "रस्त्यावर सांगितलं असतं आणि तुमची शिडी लागली असती, तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसाला सांभाळलं. कौस्तुभचं काय झालं ते सगळे अजून सांगतात."

माधवराव चहा न घेताच उठले. राग त्याचा यावा तर त्याच्या जागी आपणही गप्पच बसलो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. जिने उतरताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

दिवाळीनंतर कारखान्याला कुलूप लागलं. तिथला दुलाल मिस्त्री बजबज नावाच्या गावी मुलाकडे गेला. कामगार रामआशिष एका सोसायटीच्या फाटकावर राखणीला बसू लागला. बाकीचे कुठे पांगले ते कळलंही नाही.

मंडळाच्या वार्षिक सभेत माधवरावांचा सत्कार ठरला. मंडप निर्मळ ठेवल्याबद्दल. शाल आणि श्रीफळ द्यायला नवा कार्यवाह सलीलच पुढे आला. त्याने वाकून नमस्कार केला. माधवरावांनी आशीर्वादाला हात उचलला नाही. पुष्पाताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मग दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

"आपलं सोवळं आपण सांभाळलं," माधवराव म्हणाले. "त्यात माझ्याकडची सगळी माणसं कामाला मुकली. आयुष्यभर त्यांनी माझ्याकडे काम केलं. त्यांतल्या एकालाही मी कधी या पंगतीला बोलावलं नव्हतं."

ते खाली बसले. काका किती मोठ्या मनाने बोलले, असं मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.