भागे, भरलं का गं?

कांद्याला पाणी देताना साप चावून भागीरथी गेली. तेरावा झाला तरी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बहीण आक्काबाई मदतीला राहिली होती. येईल त्याला ती सांगे, "बायको गेली, पर टिपूस न्हाई. दगड हाय माझा भाऊ."

मी ऐकून घेई. भीती एकच होती, राहीलाही तसंच वाटत असेल. राही माझी लेक, नेवाशाच्या शाळेत दहावीत.

एका संध्याकाळी ती चुलीजवळ बसून इंग्रजी शब्द घोकत होती. मोर्न, मोर्न.

"म्हंजी काय गं?"

"शोक करनं. गेलेल्या मानसासाठी."

"म्हंजी रडनं."

"न्हाई दादा, रडनं येगळं. सर म्हनले, न रडताबी मोर्न करता येतं."

आक्का भाकरी थापत होती. "बरं हाय की इंग्रजाचं! माझ्या भावाला तिकडंच धाडा."

राही हसली नाही. "वाक्य करून न्यायचं हाय. मी केलंय. माय फादर मोर्न्स माय मदर. माझे वडील आईसाठी शोक करतात."

मला वाटलं, पोर माझी लाज झाकतेय. "खोटं कशाला लिव्हतीस? कवा बघितलंस मला शोक करताना?"

"रोज. मोटंवर."

मी विहिरीवर बैल हाकायचो आणि पलीकडे भागीरथी वाफ्यांत पाणी फिरवायची. मधे ऊस, म्हणून वाफा भरला का ते हाक मारून विचारावं लागे. आता शाळेआधी राही पाण्यावर जाते.

"तुमी अजून 'भागे, भरलं का गं?' म्हनूनच हाक मारता," राही म्हणाली. "मी 'व्हय' म्हनते. आईवानी."

आक्काचे हात थांबले. मला त्यातली एकही हाक आठवत नव्हती.

सकाळी मोट धरली. पहिला वाफा भरत आला असेल. तोंड उघडलं तर तेच नाव आलं होतं. ते गिळलं.

"राही, भरलं का गं?"

उसापलीकडून उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. नाहीच. त्या दिवशी भागीरथीनेही उत्तर दिलं नव्हतं.

कासरा टाकून मी उसातून पळालो. पानांनी तोंड कापलं. राही खोरं धरून उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलात, रडत.

"भरलं, दादा," ती म्हणाली. "मगाशीच भरलं."

मी बांधावर बसलो. मग मला रडू आलं.