बारकीचं मलम

बारकीने ते मलम माझ्यापासून लपवलं होतं, आणि मला ते पहिल्या आठवड्यातच सापडलं होतं. बाथरूमच्या फळीवर, कापसाच्या पाकिटामागे, करंगळीएवढी ट्यूब. मुरुमांसाठीचं रेटिनॉइडचं मलम, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं. बावीस वर्षं पार्लर चालवतेय मी. नाव वाचायचीही गरज पडली नाही.

बारकी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली तरी बारकीच. ताई, ती आणि मी, तिघी एकाच घरात राहतो आणि पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा, वॅक्सचं भांडं आणि माझी जीभ, असं ताई म्हणते.

सोळाव्या वर्षी बारकीला मुरुमं आली आणि तेव्हापासून सहा वर्षं तिच्या तोंडावर माझा हात चालला. वाफ दिली, लेप लावले, ओरडून ओरडून तिचा नखं लावायचा नाद सोडवला. मुरुमं काही हटली नाहीत, पण तो चेहरा जणू माझ्या मालकीचा झाला होता. आणि ही पोरगी मला एका शब्दाने न विचारता त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आली! माझ्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की मी ट्यूब होती तशी कापसामागे ठेवली आणि ठरवलं, आपण होऊन विचारायचं नाही. बघू किती दिवस लपवते.

लपवली तिने, पण चेहरा कुठे लपवणार? दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडेने साल निघायला लागली. तोंडावर पाणी मारताना बाथरूममधून 'स्स' ऐकू यायचं. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर मुरुमांचं पीकच आलं आणि बारकी ओढणी तोंडाशी धरून घरात वावरायला लागली. डॉक्टर हे आधीच सांगतात, की सुरुवातीला वाढेल, मग उतरेल, वाटाण्याएवढंच घ्या, उन्हात फिरू नका. मला सगळं माहीत होतं. तरी मी साळसूदपणे विचारलं, "काय गं, काय लावतेस तोंडाला?"

"काही नाही, साबण बदललाय," ती म्हणाली आणि आत गेली.

सातव्या आठवड्यात मुरुमं उतरायला लागली. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेच मला जास्त लागलं. सहा वर्षांत जे माझ्याने झालं नाही ते एका ट्यूबने करून दाखवलं होतं.

त्याच आठवड्यात तिला कर्णबधिर मुलांच्या शाळेतून बोलावणं आलं. अशा मुलांना शिकवायचं शिकण्यासाठी ती दोन वर्षं घासली होती आणि जागा एकच होती. सोमवारी एक तास शिकवून दाखवायचा, आवडलं तर नोकरी. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला आधीच बजावलं होतं, की मुलं तुझे ओठ वाचणार, तेव्हा ओठ स्वच्छ दिसले पाहिजेत, लाली नको, तोंडासमोर हात नको.

गुरुवारी दुपारी पार्लर रिकामं होतं. बारकी येऊन खुर्चीत बसली.

"मावशी, अप्परलिप करून दे ना. मुलं तासभर तिथेच बघणार आहेत."

"ये, दोरा घेते."

"दोरा नको गं, मला शिंका येतात. वॅक्स कर, एका झटक्यात होतं."

माझ्या आरशाच्या वर पाटी आहे. मीच लिहून घेतलेली: 'चेहऱ्यावर डॉक्टरांचं मलम लावत असाल तर वॅक्सआधी सांगा.' त्या मलमाने वरची कातडी नाजूक होते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर केसांऐवजी कातडीच निघते, हे आमच्या धंद्यात नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारते. बारकीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती कदाचित सांगून मोकळी झाली असती, आणि मला ती आपण होऊन सांगायला हवी होती. तिने पाटीकडे बघावं म्हणून मी वॅक्स ढवळत मुद्दाम रेंगाळले. तिने डोळे मिटून घेतले. मी मनाशी म्हटलं, मुरुमं तर गालावर आणि हनुवटीवर आहेत, ओठावर कशाला लावत असेल? चांगलं चरचरलं की येईल कबुलीवर.

उजवी बाजू नीट निघाली. डावीकडची पट्टी ओढली आणि आवाज वेगळा आला.

पट्टीवर केसांबरोबर पातळ, ओलसर कातडी होती. तिच्या ओठाच्या वर, नाकाच्या कडेपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत लालभडक, ओला पट्टा उमटला होता, बोटाच्या पेराएवढा रुंद. बारकी ओरडली नाही. तिने फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले. बावीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं मावशी? खूप जळतंय."

मी थंड पाण्याची घडी ठेवली. तिने ती बाजूला सारून आरशात पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, मी मलम लावत होते," ती रडत रडत म्हणाली. "दोन महिने. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरांनी वॅक्स नको म्हटलं होतं, पण मी तिथे लावत नव्हते, फक्त नाकाच्या कडेला. माझंच चुकलं."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी माझ्या तोंडून काय निघावं?

"आधी सांगायचं नाही का गं! पाटी काय शोभेला लावलीय?"

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या, पण त्यांनी चष्म्यावरून पाहिलं तसं माझं धाबं दणाणलं.

"कोणी केलं?"

"मावशीने, पण मी तिला सांगितलं नव्हतं," बारकी माझ्याआधी म्हणाली.

"विचारायला हवं होतं."

"विचारते मी सगळ्यांना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

मलम बंद, जखम भरेपर्यंत साधी पेट्रोलियम जेली, खपली काढायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही. पू झाला तर ताबडतोब या, नाहीतर व्रण राहू शकतो. एरवी भरून येईल, पण काळा डाग काही महिने राहील, कोणाला वर्षही लागतं. हे सगळं त्या बारकीकडे बघून सांगत होत्या आणि मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

घरी येताना ताई लेकीवरच घसरली. "मावशीपासून लपवायला काय झालं होतं? जिने तुझ्यासाठी इतकं केलं तिच्यापासून?"

बारकी मान खाली घालून चालत राहिली, आणि मी मूग गिळून तिच्या शेजारून चालले.

पुढचे तीन दिवस मी जीव मुठीत धरून काढले. सकाळी उठले की आधी तिच्या खोलीत जायचं आणि खपलीच्या कडा बघायच्या. लाली पसरली तर नाही ना? पिवळं काही दिसतंय का? शनिवारी ती आरशासमोर धड्याची तयारी करायला बसली. मुलांना कळावं म्हणून तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द सावकाश म्हणायचा असतो. तिसऱ्याच वाक्याला खपलीला चीर पडली आणि रक्ताचा थेंब ओठावर आला. तिने कापूस दाबला, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी दारात उभी होते. मला वाटलं, सोमवारी मोठ्या बाई हिला बघून म्हणणार, बरी झाल्यावर या, आणि तोवर जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली असेल. दोन वर्षं पाण्यात, आणि ती माझ्या हट्टापायी.

पण त्याहून मोठी भीती वेगळी होती, तीही सांगून टाकते. हिला कळलं तर? रात्री जेवायला बसलो तरी ती मलाच समजावत होती, "तू मनाला लावून घेऊ नकोस मावशी." तिने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. सांगायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा आमटी वाढू का विचारलं.

सोमवारी ती म्हणाली, "चल ना माझ्याबरोबर. तू असलीस की धीर येतो."

वर्ग छोटा होता. सहा मुलं अर्धगोलात बसली होती, म्हणजे सगळ्यांना बाईंचं तोंड दिसावं. खिडक्या मुलांच्या पाठीमागे होत्या, म्हणजे उजेड बाईंच्या चेहऱ्यावर पडावा. त्या उजेडात ती काळपट लाल खपली किती मोठी दिसत होती! मोठ्या बाई मागे वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी खपली पाहिली, भुवया उंचावल्या आणि वही उघडली. मला दाराजवळ एक बुटकी खुर्ची मिळाली. माझे गुडघे हनुवटीशी आले होते.

बारकीने वाक्य म्हणायचं, एका मुलाने ओठ वाचून ते मोठ्याने सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि बारकीने 'बरोबर' किंवा 'परत बघा' सांगायचं, असा त्यांचा रिवाज होता. दोन वाक्यं झाली. तिसऱ्याच्या आधी कडेला बसलेली दोन वेण्यांची मुलगी उठली. सात-आठ वर्षांची असेल, दोन्ही कानांत यंत्रं. ती सरळ बारकीपाशी गेली आणि तिच्या ओठाकडे बोट दाखवून, अशा मुलांच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात तिने विचारलं, "काय झालं?"

बारकी हसली, दुखत असूनही. ती खाली वाकली आणि सावकाश म्हणाली, "मी मलम लावत होते. मावशीला सांगितलं नाही. माझी चूक."

मुलांनी एका सुरात म्हटलं, "माझी चूक." बारकी म्हणाली, "बरोबर," आणि तेच फळ्यावर लिहायला वळली.

वेण्यावाली माझ्याकडे आली. "तू मावशी?"

मी मान हलवली. फळ्यावर खडू चालत होता. बारकी त्या सहा मुलांसमोर, मोठ्या बाईंसमोर, माझं पाप स्वतःच्या नावावर लिहीत होती. मला सहन झालं नाही.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. पण मी ते मांडीवरच्या पर्सला सांगितलं, पुटपुटत. खडूच्या आवाजात बारकीपर्यंत काही पोचलं नाही.

मुलीने माझ्या गुडघ्यावर थापटलं. "दिसलं नाही. परत. वर बघून सांग."

बाकीची पाचही मुलं वळून माझ्या तोंडाकडे बघत होती. कोणी ऐकलेलं नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. 'हो, मी मावशी' म्हटलं असतं तरी ती पोर आनंदाने जागेवर गेली असती. त्या मुलीने धीराने वाट पाहिली. तिला अर्ध्यामुर्ध्या बोलण्याची सवय नव्हती आणि तिला ते चालतही नव्हतं.

मी मान वर केली. तोंड पूर्ण उघडून, बारकी आरशासमोर म्हणायची तसं, एकेक शब्द म्हणाले, "मला. माहीत. होतं."

खडू थांबला.

मुलीचा चेहरा उजळला. ती वर्गाकडे वळली आणि तिने खणखणीत सांगितलं, "मावशीला माहीत होतं!"

आणि सगळ्यांनी, रिवाजाप्रमाणे, मिळून म्हटलं, "मावशीला माहीत होतं."

आता बाईंनी बरोबर की चूक ते सांगायचं होतं. मुलं बारकीकडे बघत थांबली. बारकी माझ्याकडे बघत होती. मी डोळे खाली घेतले नाहीत, तेवढं एक मला जमलं. तिने आधी काही विचारायला ओठ उघडले, मग मिटले, आणि मुलांकडे वळून म्हणाली, "बरोबर."

उरलेला तास तिने शिकवला. नीट शिकवला. एकदा खपलीला रक्त आलं तेव्हा तिने रुमाल लावला, मुलं थांबली, ती पुढे सुरू झाली. माझ्या दिशेला तिने पुन्हा पाहिलं नाही. तास संपल्यावर मोठ्या बाई उठल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, "जखम सांभाळा. पुढच्या सोमवारपासून या."

फाटकाशी मी तिला गाठलं. "बारके," मी म्हणाले.

"पट्टी ओढलीस तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि डॉक्टरांकडे? आई मला बोलत होती तेव्हा?"

"हो."

तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. मग ती माझ्यासमोर नीट उभी राहिली, चेहरा उजेडात धरून, आणि वर्गात बोलत होती तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मावशी, तू घरी जा. मी मागून येते."