नानांची पसंती

नाना शोरूमच्या चकचकीत फरशीवर उकिडवे बसले आणि मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली पाहू लागले. धोतराचा सोगा त्यांनी आधी नीट आवरून घेतला होता. बाकीची गिऱ्हाइकं दारं उघडून, पडद्यावर बोटं फिरवून, सीटवर बसून-उठून गाड्या पाहत होती. खालून पाहणारे नाना एकटेच.

"बाबा, काही पडलं का?" गाड्या दाखवणाऱ्या मेघानं विचारलं.

"पडनं नही काही. पाही ऱ्हायनू."

मेघानं किरणकडे पाहिलं. किरणनं हातातल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं. जळगावात डिसेंबरची थंडी होती, वर एसी चालू होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

घामाचं कारण शोरूमच्या मागच्या आवारात, कापडाखाली झाकून उभं होतं. अशीच एक हायब्रिड गाडी. ती किरणनं आठवड्यापूर्वीच घेऊन टाकली होती. फक्त पासिंग व्हायचं राहिलं होतं. नानांना यातलं काही माहीत नव्हतं.

चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्या घराण्यात जीवरामनानांनी हात ठेवल्याशिवाय काही येत नसे. बैल, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, सुना. बैलबाजारात नाना एका जोडीपुढे अर्धा दिवस बसत. खुरं पाहत, दात पाहत, मालकाचं तोंडही पाहत, आणि मग उठून बैलाच्या पाठीवर हात ठेवत. हात ठेवला की व्यवहार झाला. सुनांच्या बाबतीत हात न ठेवता पोह्याची दुसरी बशी मागत, एवढाच फरक.

किरणच्या चुलतभावानं, प्रेमराजनं, एकदा न विचारता ट्रॅक्टर आणला. नाना भांडले नाहीत. प्रेमराजकडे ते आजही जातात, ओट्यावर बसतात, पाणी पितात. चहा घेत नाहीत. प्रेमराजची बायको दर वेळी चहा टाकते, दर वेळी तो थंड होतो. प्रेमराज पुढे सोसायटीचा चेअरमन झाला, पण गावात त्याची ओळख ज्याच्याकडे नाना चहा घेत नाहीत तो, अशीच राहिली.

किरणचे वडील तो शाळेत असतानाच गेले. त्याला शिकवलं ते नानांनी, त्याच्या थोरल्या काकांनी. ठिबकच्या नळ्यांचं दुकान काढून दिलं तेही नानांनी. तसा थंड कप आपल्या ओट्यावर पाहायची किरणची छाती नव्हती.

आणि तरीही. या गाडीला मोठी रांग होती. धुळ्याच्या कुणा गिऱ्हाइकानं ऐनवेळी नाही म्हटलं आणि मेघाचा फोन आला, संध्याकाळपर्यंत कळवा. नाना तेव्हा मुलीकडे पिंपळनेरला होते. त्यांना फोन लागला असता. तीच अडचण होती. ते म्हणाले असते, थांब, मी येतो, पाहतो. किरणनं फोन केला नाही. त्यानं मेघाला हो म्हटलं, आणि तेव्हापासून त्याला जेवण जाईना.

मग त्यानं नाटक बसवलं. नानांना आणायचं, शोरूममधली गाडी दाखवायची, त्यांनी हात ठेवला की मेघानं म्हणायचं, योगायोगानं अशीच एक तयार आहे. मेघाला ही कल्पना इतकी आवडली की तिनं फोनवर तालीमही करून घेतली. किरणच्या बायकोला, दिपमालाला, मात्र ती आवडली नव्हती.

"मलासुद्धा नानांनीच पसंत केलं होतं," ती म्हणाली होती. "तुम्ही नुसते पोहे खायला आला होता. तेव्हा कोणाला फसवावं लागलं नाही."

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. मेघानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. या गाडीत पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटारही आहे. चार्जिंगची भानगड नाही, चालता चालता बॅटरी भरते. कधी इंजिन ओढतं, कधी मोटार, कधी दोघं मिळून. कोणी कधी ओढायचं ते गाडीच ठरवते. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्या दोन्हीस्मा चुकार कोनता शे?"

"कोणीच नाही, बाबा. दोघंही बरोबर काम करतात."

"अशी जोडी मी देखी नही," नाना म्हणाले. त्यांनी बॉनेटकडे हात नेला, मधेच थांबवला आणि धोतराला पुसला.

किरण घाईनं पुढे झाला. "नाना, आपण चालवून पाहू या का?" तो म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. किरण त्यांच्याशी जन्मभर अहिराणीत बोलत आलेला. असलं शुद्ध तो फक्त बँकेत आणि दवाखान्यात बोलायचा.

किरण चालवायला बसला, नाना शेजारी, मेघा मागे. ठरल्याप्रमाणे किरणला या गाडीतलं काहीच माहीत नव्हतं. मेघानं सांगायचं आणि त्यानं चाचपडायचं.

"सर, या गाडीला किल्ली फिरवायची नसते," मेघा पट्टा लावत म्हणाली. "आता तुम्ही आधी..."

पण किरणचा पाय ब्रेकवर गेला होता आणि बोटानं बटण दाबलंही होतं. एका हातानं त्यानं सीटखालचा दांडा न शोधता धरला आणि सीट हवी तेवढी मागे घेतली. दुसऱ्या हातानं, न बघता, आरसे फिरवायचं बटण गाठलं. नळ्यांचा माल न्यायच्या निमित्तानं तो आठवडाभर जळगावला येत होता, आणि दर वेळी मागच्या आवारात जाऊन त्या गाडीत बसत होता. मेघाला नाटक सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं. हातांना सांगायचं राहून गेलं होतं.

मेघा अर्ध्या वाक्यावर थांबली. गाडीत कसलाच आवाज नव्हता.

"चालू शे का हाई?" नानांनी विचारलं.

"हो. चालू आहे."

नाना किरणच्या हातांकडे पाहत होते.

"तुले जमस रे," ते म्हणाले, आणि काचेबाहेर पाहू लागले.

हायवेवर जाऊन येईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. सीट कशी वाटते, तर चांगली शे. एसी, तर चांगला शे. मागे जागा भरपूर आहे ना, तर भरपूर शे. बैलाच्या शेपटीच्या गोंड्यावरून मालकाशी तासभर हुज्जत घालणारा माणूस एकामागून एक पसंती देत होता. किरणला वाटत होतं, यांनी एखादी तरी खोड काढावी. निदान हॉर्नला नाव ठेवावं.

परत आल्यावर मेघानं त्यांना टेबलाशी बसवलं आणि चहा मागवला. नानांनी कप अलगद बाजूला सरकवला.

"माले पानी दे, पोरी."

"नाना, थोडा तरी घ्या," किरण म्हणाला.

"पानी बस शे."

चहावर साय धरू लागली. किरण तिच्याकडेच पाहत राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दिपमाला विचारत होती, नाना हो म्हणाले का, पेढे आणू का. नंतर सांगतो म्हणून त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

मेघाला यातलं काही कळलं नाही. तिला तिचं वाक्य आठवलं होतं आणि ते वाया जाऊ द्यायची तिची इच्छा नव्हती.

"बाबा, नशीब बघा तुमचं. या गाडीला चार-पाच महिने, पार आखाजीपर्यंत थांबावं लागतं. पण योगायोगानं अशीच एक आमच्याकडे मागे उभी आहे. एका गिऱ्हाइकानं सोडली. म्हणाल तर याच आठवड्यात देते."

तालमीपेक्षा चांगलं झालं. नानांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"दुसरानी सोडेल शे ती?"

"हो, म्हणजे तसं..."

"मंग नको. आपला नावनी नवी लिखी ले. लागू दे टाइम."

मेघाचं हसू जागच्या जागी राहिलं. "पण बाबा, आखाजी म्हणजे... सर, तुमची ती..."

आता किरणनं खरं सांगायचं, नाहीतर गाडी सोडायची. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. नाना त्याच्याकडे पाहत होते. रागानं नाही. बाजारात समोरचा भाव सांगेपर्यंत ते जसे स्वस्थ बसून राहत, तसे. सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, पाठीवर थाप मारली असती, आणि पुढं किरणच्या ओट्यावरही पाणीच प्यायले असते.

"थांबसूत, नाना," किरण म्हणाला. मग मेघाकडे वळला. "मॅडम, नवीन लिहा. मागची ज्याला द्यायची त्याला द्या. रंग नाना सांगतील."

"सर, नक्की?"

"नक्की."

नाना उठले आणि पुन्हा गाडीकडे गेले. या वेळी त्यांनी दारं उघडून आपटली, डिकीत हात घालून चटई उचलली, जादाचं चाक काढायला लावलं. बॅटरी किती वर्षं टिकते ते विचारलं, आणि ती गेली तर फोन कोणाला करायचा तेही. चोपड्यात मिस्तरी आहे का, त्याला ही उघडता येते का, की आवाजच येत नाही म्हणून परत पाठवतो. मेघा दोनदा आत जाऊन विचारून आली. रंगांची पट्टी त्यांनी उजेडात नेऊन पाहिली, निम्मे रंग लग्नाच्या मंडपाचे आहेत म्हणून बाद केले आणि मातकट तपकिरीवर बोट ठेवलं. धूळ बसली तरी गाडीची लाज जात नाही, म्हणाले. हे सगळं होईपर्यंत दुपार कलली. किरणचे पाय दुखायला लागले होते. मग कुठं नानांनी बॉनेटवर हात ठेवला.

"आखाजीलगून जित्तं ऱ्हाणं पडी माले," ते मेघाला म्हणाले. जणू तिनंच त्यांना हे काम लावून दिलं होतं.

परतीच्या वाटेवर किरण दिपमालाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. जुन्या गाडीची मागची काच खडखडत होती. विदगावच्या पुलाखाली तापीचं पाणी संथ पडलं होतं. पूल संपला, दोन्ही अंगांना केळी सुरू झाल्या, तेव्हा नाना बोलले.

"ती मांगली गाडी आते कोनले जाई?"

किरणनं रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

"जाई कोनले तरी."

नानांनी उपरणं कानाभोवती गुंडाळून घेतलं आणि मान टेकून डोळे मिटले.

"चांगली व्हती ती," ते म्हणाले.