तपासणीसांचा शिक्का

मित्रांनो, एकतीस वर्षे माझ्या संमतीवाचून जगात कुणाचे डोके कोरडे राहिले नाही. जग म्हणजे छत्र्यांचा एक कारखाना, आणि मी तिथल्या तपासणीच्या टेबलावरचा रबरी शिक्का.

एका शिक्केवाल्याने जेवणाच्या सुट्टीआधी मला घाईघाईने कोरले, लाकडी मूठ बसवली आणि मी कामाला लागलो. माझे मालक म्हणजे तपासणीस. ते प्रत्येक छत्री उघडत, उजेडाकडे धरत, मिटत आणि तिच्या पट्टीवर मला उमटवत. वाकडी काडी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त," असे साहेब म्हणत, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. मूठ माझी असे.

पुढे छत्र्या बाहेरून तयार होऊन येऊ लागल्या, त्याही तपासलेल्या. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना साहेबांनी तपासणीसांना बोलावले.

"मी त्यांच्या कुटुंबातलाच आहे म्हणे," त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितले.

"मग?"

"मग घरी पाठवलं."

मीही शाईच्या गादीसकट चुकून त्यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी आलो.

बाई वीस वर्षे घरीच शिवणकाम करत होत्या. तपासणीसांना हे ऐकून माहीत होते. ते दोन ठिकाणी नोकरी विचारून आले. दोन्हीकडे त्यांचे वय तपासले गेले. मग रोज सकाळी साडेआठला ते घर तपासू लागले. डब्यांची झाकणे, नळाचे वायसर, ताटातली भाजी.

"बाबा, काहीतरी काम बघा," मुलगी म्हणाली, "नाहीतर आई तुमच्याकडे बघेल."

एका दुपारी बाईंनी दवाखान्याचा पांढरा पडदा शिवून ठेवला होता. तपासणीसांनी तो उलगडला, उजेडाकडे धरला, घडी घातली, आणि सवयीने हात माझ्याकडे वळला. जांभळी शाई. पक्की.

"अहो, डॉक्टरीणबाईंचं पहिलंच काम होतं. पुढे सगळ्या खोल्यांचे पडदे देणार होत्या."

"शिवण अगदी सरळ आहे," ते ओशाळून म्हणाले.

"ते मला माहितीये." बाईंनी चष्मा लावला. "आणि हे काय? 'तपसले'? काना कुठाय?"

तपासणीसांनी मला उलटे करून पाहिले. मित्रांनो, मला दोष देऊ नका. मी स्वतःला कायम उलटाच वाचत आलो.

ते म्हणाले, "एकतीस वर्षं. एकालाही दिसलं नाही गं."

"छत्री उघडून पट्टी कोण वाचतं? बसा इथे. शिक्क्याचा भाग कापायचा आणि कड परत दुमडून शिवायची."

"मला येत नाही."

"म्हणूनच बसा म्हणतेय."

त्यांची शिलाई बाईंनी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "चालेल." साहेबांच्या कौतुकानेही ते कधी असे लाजले नव्हते.

आता ते सकाळी फिरून येतात, कडा शिवतात, कंटाळले की आडवे होतात. मी कापड सरकू नये म्हणून त्यावर बसतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, घरातल्या माणसांचे काम जवळ बसून पाहा, आणि शिक्का मारण्याआधी तो एकदा वाचा.

डॉक्टरीणबाईंनी बाकीचे पडदेही दिले आहेत. या खेपेला मापे लेखी दिली आहेत. पहिला चार बोटे आखूड आहे.