बारावा नियम

"सिंधुबाई, हिलालन्या शेंगा कोठे लावान्या?"

ह्यांनी विचारलं, आणि मी बेबीला कडेवर घेऊन, हातात डबा धरून गोदामाच्या दारातच थांबले. शहाद्याच्या खरेदी-विक्री संघाच्या गोदामाचे कीपर हे. रजिस्टरवर सही ह्यांची. पण शेतकऱ्याची गाडी आली की हाक सिंधुबाईला. सिंधुबाई म्हणजे गोदाम झाडणारी बाई.

तिने शेतकरी हिलालच्या भुईमुगाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "ओल्या शेतस, भाऊ. दारजवयना खणमा लावा. आन मगन, सात गोण्यासना वर नको चढाऊ रे. अठे काय तुन्हा लगीनना मांडव शे?"

मगन हमाल हसला. हेही हसले. घरी माझ्या बोलण्यावर हे असे हसल्याचं मला आठवेना.

साल १९६३. धुळ्याचे तपासनीस येणार होते. माल कुठे लावता, कधी हलवता, कोणत्या क्रमाने काढता, ते सगळं लेखी हवं होतं. हे म्हणाले, "तुन्हं अक्षर चांगलं शे. तिले इचार नि लिखी काढ."

तिला विचार. मी बी.ए. झालेली, आणि तिला विचार.

तीन दुपारी तिच्याजवळ बसले. दहा खणांपैकी शेवटचा खण तिने मोकळा ठेवला होता. त्याच्या वाशाला बेबीची झोळी बांधलेली. घरी चारचारदा उठणारी माझी पोर तिथे त्या धुळीत गाढ झोपायची. मी पुन्हा पुन्हा उठून तिचा श्वास बघून यायची.

"बसा ना वहिनी. चालू शे तिना श्वास."

"हा खण रिकामा का?" मी शाळेतल्या मराठीत विचारलं. "पन्नास पोती सहज मावतील."

"मावतीन ना! मंग एखादी थप्पी तापनी ते काढीसन कोठे ठेवशात? मन्हा डोकावर?"

लिहिलं. एक खण सदैव मोकळा ठेवावा. ओला माल निराळा. जुना आधी बाहेर. रोज सकाळी थप्पीत हात घालून ऊब पाहावी. ती काहीतरी हातचं राखेल, याची मी वाटच बघत होते. तिने काही राखलं नाही. अकरा नियम झाले.

त्या संध्याकाळी बेबी माझ्याकडे येईना. सिंधुबाईच्या गळ्याला मिठी मारून रडली. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना तिनाकडेच घडीभर."

घरी येऊन मी बारावा नियम लिहिला. 'मालाची जागा ठरविण्याचे काम साक्षर व्यक्तीनेच करावे.'

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईने कागद बघायला मागितला. हात शेंगांच्या मातीने भरलेले. "वहिनी, मन्हं नाव कोठे शे? दखाडा ना."

नाव कुठेच नव्हतं. मी तिचं बोट धरून बाराव्या नियमावर ठेवलं. "हे काय, इथे."

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "ओ माय! इतलं लांब लिखं?"

तपासनीसांना बारावा नियम फार आवडला. माल लावायचं काम सिंधुबाईकडून गेलं. महिन्याभरात ती कळसाडीला बहिणीकडे कापूस वेचायला गेली. जाताना झोळी सोडून, धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिली.

कागद आता पुठ्ठ्यावर चिकटवून गोदामात टांगला आहे. खाली सही ह्यांची.

काल डबा घेऊन गेले तेव्हा हिलालची गाडी आलेली. "सिंधुबाई," ह्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. बेबीने चटकन दाराकडे मान वळवली. मगन पाठीवर पोतं घेऊन तसाच उभा. मग हे कागदापाशी गेले, बोट ठेवून एकेक नियम वाचू लागले आणि शेवटच्या ओळीशी थांबले. तिथे मातीची एक लांब रेघ होती. त्यांनी रुमालाने पुसली. पुन्हा पुसली.

"निघत नही," ते म्हणाले.

मी बेबीचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवून घेतलं. तिने ते परत दाराकडे केलं.