अंगाबरहुकूम

मोठ्या काचघराचा माळी अंगाने चांगला भरलेला आहे, असा बागेतल्या सगळ्यांचा समज होता. रुंद खांदे, पुढे आलेली छाती आणि त्यावर आणून बसवल्यासारखी लांब, बारीक मान. मान तेवढी खरी होती. बाकीचं सगळं त्याच्या ताईने शिवलेलं होतं.

त्यांचे वडील लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे. दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा. त्यांच्या पोटी हा असा निपजला, नुसता उंचच उंच, कुणी दोन्ही टोकं धरून ओढल्यासारखा. शाळेत पोरं त्याला 'सुतळी' म्हणायची. वडील गेले त्या वर्षी एक दिवस तो रडत घरी आला आणि आता शाळेत पाऊल टाकणार नाही म्हणून हटून बसला. ताई तेव्हा नुकती शिवणकामाला लागली होती. तिने वडिलांचा कोट काढला, खांद्यांत कापूस भरला, छातीला आतून जादा अस्तर लावलं आणि सकाळी तो कोट त्याच्या अंगावर चढवला. चिडवणं थांबलं. तो कोट विटला, तशी तिने दुसरा शिवला, मग तिसरा. चाळिशी उलटली तरी आत दोन बनियन, त्यावर जाड सदरा, त्यावर स्वेटर आणि वर कोट हा थाट काही सुटला नाही.

काचघरात तर बारा महिने ऊन कोंडलेलं असे. फवारे सुरू झाले की धुकं उठायचं आणि पानं तरंगायला लागायची. कुठलं झाड जमिनीतून आलंय आणि कुठलं छतातून उतरलंय, हे त्यालासुद्धा कळेनासं व्हायचं. त्या धुक्यात तो घामाने निथळत हिंडायचा आणि कुणी विचारलंच तर सांगायचा, माझी प्रकृती थंड आहे.

एका दुपारी फवारे बंद करायला गेला आणि तोटीपर्यंत पोचलाच नाही. पाय हलके झाले. मोठमोठी पानं खाली वाकली आणि त्याची एकेक साल अलगद काढायला लागली. त्याला मुळीच दुखत नव्हतं. शेवटची साल निघाली तेव्हा आत एक हिरवा, कोवळा दांडा होता, आणि त्यावरून गार वारा वाहत होता. किती बरं वाटलं त्याला!

डोळे उघडले तर रोज फुलांची चित्रं काढायला येणारी बाई आपल्या चित्रांच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होती. कोट आणि स्वेटर बाजूला पडले होते, सदऱ्याची बटणं सुटली होती. बाईने त्याला पाणी पाजलं आणि शांतपणे विचारलं, एवढं सगळं कशासाठी घालता? कपडे छातीशी कवटाळून तो घरी गेला आणि अंथरुणात शिरला तो शिरलाच. कामावर जायचं नाव काढेना.

ताईने आधी ताप पाहिला, मग कोट पाहिला. घामाने आतला कापूस गोळा होऊन बसला होता. ती कोट मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली. मग गळ्यातली मापाची टेप हातात घेऊन त्याच्याजवळ आली.

"ऊठ. बनियनसुद्धा काढ."

"कशाला? माप आहे की तुझ्याकडे."

"ते बाबांचं आहे," ताई म्हणाली. "तुझं मी कधी घेतलंच नाही."

तो तिच्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदा त्याने हात छातीवर घेतले, मग हळूहळू खाली सोडले. टेप गार होती. ताई खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत गेली आणि थबकली. एवढा लांब हात! इतकी वर्षं बाह्या आखूड पडायच्या आणि ती धुण्यात आटल्या असतील म्हणून सोडून द्यायची. पाठ मोजताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझं रूप झाकायला नको होतं रे मी, असं काहीसं ती पुटपुटली. तो म्हणाला, तेव्हा झाकलंस म्हणून तर शाळा झाली.

कापड निवडायला दोघं मिळून गेली. त्याचं बोट उभ्या निळ्या रेघांच्या पातळ कापडावर थांबलं. ताईने बजावलं, उभ्या रेघांत अजूनच उंच दिसशील.

"दिसू दे," तो म्हणाला.

सदरा पिसासारखा झाला. खांदा संपतो तिथेच शिवण, बाही मनगटाच्या हाडाला टेकलेली. रस्त्याने जाताना वारा बाहीतून शिरून पाठीवरून फिरत होता आणि आपण चालतोय की कुणी आपल्याला हळूच पुढे नेतंय, हे त्याला उमगत नव्हतं. फाटकावरच्या रखवालदाराने त्याला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा काळजीने विचारलं, एवढा वाळलास, मोठं दुखणं झालं होतं का? माळ्याला परत फिरावं, घर गाठावं असं वाटलं.

"दुखणं नाही," तो म्हणाला. "मी असाच आहे."

रखवालदार वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मग, बरं बाबा, उन्हाळ्यात तुझी चैन आहे, असं म्हणून त्याने फाटक उघडलं.

आत धुकं होतं. काचघराच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनी वेल दोन खोडांमध्ये शिरून वर गेली होती. त्या फटीतून कोटासकट जाता येत नसे, म्हणून तो बाहेरूनच लांब काठीने तिची छाटणी करायचा. आज त्याने अंग तिरकं केलं, श्वास आत ओढला आणि तो अलगद पलीकडे गेला. पलीकडे वेगळंच जग होतं. हिरवा उजेड पाण्यासारखा हलत होता. हात वर केला तर तो पानांच्या पार गेला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. फूल होतं. या वेलीला फूल येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याने चित्रवाल्या बाईला हाक मारली. तिला फटीतून येता येईना. ती हसली आणि पुठ्ठा घेऊन बाहेरच बसली. मग तो पानांआडून सांगत गेला आणि ती काढत गेली: पाकळ्या आत वळलेल्या, कडेला जांभळट, पोटात पिवळ्या धुळीचा ठिपका. मधेच तिने विचारलं, देठ कसा आहे?

"लांब," तो म्हणाला. "बारीक. पण फूल छान पेलतोय."

संध्याकाळी सदऱ्याच्या बाहीवर चिकाचे डाग बघून ताई करवादली, पहिल्याच दिवशी वाट लावलीस. तो जेवायला बसत म्हणाला, अजून एक शिव. कुठल्या रंगाचा, असं तिने विचारलं, तर तो घास हातात धरून कितीतरी वेळ विचारच करत राहिला.