तिसरा तुकडा

“म्हणजे इथे मी काहीच बोलायचं नाही?” हाजी झगलूलने पुन्हा विचारलं. “खोकायचंसुद्धा नाही?”

“नाही,” इन्शिराह म्हणाली. “रोटीचे तीन तुकडे करायचे. एक तुमचा, एक बायकोचा. तिसरा त्या रिकाम्या ताटात ठेवायचा आणि दिवे मालवेपर्यंत ताटाकडे बघत बसायचं.”

“बघत बसायला माझी ना नाही, उस्ताझा. पोरांची शपथ, मी गप्प बसेन. पण दुम्यात गावची माणसं गप्प बसतील का? आपली माणसं कधी गप्प होतात, तर खिशात हात घालायची पाळी आली की.”

तालमीला आलेले सगळे हसले. दिग्दर्शक मुहिबही हसला. तो सांस्कृतिक भवनाचा पगारी नोकर होता आणि खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. इन्शिराहलाही हसू आलं, कारण झगलूल हसवायला लागला की राग धरणं कठीण. दिवसभर बाजारात कढईसमोर उभा राहून पाकातला जिलबीसारखा मुशब्बक तळणारा हा माणूस संध्याकाळी भवनाच्या रंगमंचावर चढायचा, आणि अर्धं गाव नाटकाला यायचं ते त्याला बघायला. तो वाईट नव्हता. त्याला शांततेचं भय वाटायचं, एवढंच.

टेलिफोन खात्यात असताना इन्शिराहने छोटी नाटकं लिहायला सुरुवात केली होती, ती निवृत्त झाल्यावरही थांबली नाही. लिहिते म्हणून गाव तिला मानाने उस्ताझा म्हणायचं. मोठं नाटक लिहावं तर ते करायला कैरोची माणसं लागतात. छोटं नाटक भवनात तोंडी लावण्यासारखं वाढलं जायचं. उपराज्यपालांची गाडी यायला उशीर झाला, गायकाचे वादक रस्त्यात अडकले, की कोणीतरी विचारायचं, उस्ताझा इन्शिराहचं काही आहे का हाताशी? मातृदिनाला तिचं एक नाटक लावलं, तेव्हा मुलाचं काम करणाऱ्याची परीक्षा आली म्हणून मुलगाच गाळून टाकला. रेशनच्या रांगेवरचं दुसरं एक मुहिबने अवकाशयानात नेऊन बसवलं आणि मनसुराच्या महोत्सवात प्रशस्तिपत्र पटकावलं. छापून आलं तेही याच चालीने. एका मासिकाने तिच्या नाटकाचं शेवटचं पान हरवलं आणि नाटक तसंच छापलं. वाचकांनी शेवट वाचकांवर सोडल्याबद्दल कौतुक कळवलं. दर वेळी इन्शिराह पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. नाटक लागलं हेच पुष्कळ, अशी मनाची समजूत घालण्यात तिची हयात गेली होती.

या नाटकाच्या बाबतीत मात्र ती समजूत घालायला तयार नव्हती. हे तिने गावासाठी लिहिलंच नव्हतं. ते एका माणसासाठी होतं, आणि तो माणूस तिच्या घरातच होता.

पाच वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा हाझेम रशीद गावच्या किनाऱ्यावरून रातोरात इटलीच्या बोटीत बसला. बोट पोचली नाही. बुडाल्याचंही कोणी पाहिलं नाही. तिचा नवरा फिक्री होड्या बांधणारा सुतार, बुर्गच्या धक्क्याजवळच्या कारखान्यात त्याचं नाव होतं. त्याने दुसऱ्याच महिन्यात ते काम सोडलं आणि गावात खुर्च्यांचे पाय कातायला लागला. शोकाचा मांडव घालू या, कुराणपठण ठेवू या, असं थोरल्या दिरांनी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, “ज्याचं प्रेत नाही त्याचा शोक कसला?” त्यानंतर त्याच्या तोंडून मुलाचं नाव निघालं नाही.

गल्लीचीही पंचाईत झाली. हाझेमचं नाव घेतलं की पुढे काही जोडायला हवं. परदेशी असलेल्याला ‘अल्लाह सुखरूप आणो’ म्हणतात, गेलेल्याला ‘अल्लाह दया करो’. यातलं कुठलं म्हणायचं ते कोणालाच ठरवता येईना, म्हणून लोकांनी नावच टाकलं. तोवर ते दोघे अबू हाझेम आणि उम्म हाझेम, हाझेमचा बाप आणि हाझेमची आई होते. मग फिक्रीला सगळे उस्ता फिक्री, म्हणजे फिक्री मिस्त्री, म्हणू लागले आणि तिला लग्न झालेल्या मुलीच्या नावावरून उम्म निहाल. घरातल्या घरात ते दोघे मूग गिळून जेवत. फिक्री रोटी घ्यायचा, दोन तुकडे करायचा, एक तिच्यापुढे ठेवायचा. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो कहवाखान्यात जाई आणि दिवेलागणीला येताना कागदात बांधलेले बोय मासे आणी. कहवाखाना मासळीबाजाराच्या कडेलाच असेल, असं तिने धरून चाललं होतं.

नाटकातला बाप नाटकभर कुरकुरतो. मीठ कमी, सरकार चोर, आणि त्या कार्ट्याचं नाव माझ्या घरात काढायचं नाही. शेवटी तो रोटीचे तीन तुकडे करतो. इन्शिराहला फिक्रीला एवढंच सांगायचं होतं की मलाही तिसरं ताट दिसतं. तुम्ही नाव घ्या. रडायचं असेल तर रडू, वाट बघायची असेल तर बघू, पण दोघं मिळून. हे तोंडाने सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

“येत्या गुरुवारी माझं नाटक आहे,” ती जेवताना म्हणाली. “या की या वेळी.”

“मला काय कळतंय नाटकातलं?”

“वीस मिनिटांचं तर आहे. खुर्चीवर बसायचं. खुर्च्यांतलं कळतं ना तुम्हाला?”

फिक्रीच्या मिशीत किंचित हालचाल झाली. “खुर्च्या तिथल्या रद्दी आहेत,” तो म्हणाला. “येईन.”

निहालच्या लग्नातला कोट घालून तो आला आणि कडेच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला. इन्शिराह पुढे न बसता बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली, तिथून तिला त्याचा चेहरा दिसत होता. झगलूलने त्या दिवशी खरोखर जीव ओतून काम केलं. मिठावरून भांडला, सरकारला शिव्या घातल्या, लोक खिदळले. मग त्याने रोटी उचलली. पहिला तुकडा, दुसरा तुकडा. तिसरा त्याने हलक्या हाताने रिकाम्या ताटात ठेवला आणि ताटाकडे बघत राहिला. सभागृह गप्प झालं. फिक्री खुर्चीत पुढे झुकला. त्याचे ओठ थोडे उघडले होते. इन्शिराहने भिंतीवर पाठ दाबून धरली.

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. झगलूलच्या डोळ्यांत भय दिसलं.

“गेलेल्याची वाट बघत रोटी वाळवायची का गं?” तो म्हणाला. “आण इकडे, त्याचाही वाटा मीच खातो.”

आणि त्याने तिसरा तुकडा तोंडात कोंबला.

छप्पर उडेल असं सभागृह हसलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. इन्शिराहने फिक्रीकडे पाहिलं. तोही हसत होता. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत हसत होता आणि डोळे पुसत होता. पाच वर्षांत तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण या वेळी तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर झगलूल तिला सामोरा आला, मान खाली घालून. “उस्ताझा, जोडा काढा आणि मारा. जीभ घसरली.”

“तुम्ही पोरांची शपथ घेतली होती, हाजी.”

“घेतली होती. पण माझी पोरं म्हणतात, बाबा, आजच्याइतकी टाळी तुम्हाला कधीच पडली नाही. आता मी त्यांना काय सांगू?”

घरी परतताना फिक्री नदीकाठाने तिच्यापुढे अर्धं पाऊल चालत होता. पूल ओलांडल्यावर म्हणाला, “शेवटचं ते चांगलं होतं.”

“कुठलं?”

“तेच. वाट बघत रोटी वाळवायची का.”

ते वाक्य माझं नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा सैल झालेला दिसला आणि तिने ते गिळलं. पुढे कधीतरी नाटक छापून येईल, नीट, जसं लिहिलंय तसं. मग तो वाचेल. सावकाश वाचणाऱ्याला शांतताही वाचावी लागते, तिथे झगलूल नसतो. या आशेवर ती राहिली.

नाटकाला प्रांताचं बक्षीस मिळालं आणि भवनाने छोट्या नाटकांचा संग्रह काढायचं ठरवलं. इन्शिराहने स्वतःची स्वच्छ प्रत मुहिबच्या हातात दिली. महिन्याने पुन्हा एक नेऊन दिली. “माझ्या डोळ्यांवर, उस्ताझा, झालंच समजा,” असं म्हणत त्याने दोन्ही खणात टाकल्या. त्यात वर्ष गेलं. गल्लीतली पोरं एकमेकांच्या हातातला खाऊ हिसकावताना ‘त्याचाही वाटा मीच खातो’ म्हणू लागली. फिक्री बराच शांत झाला होता, त्याला झोपही लागायची. शुक्रवारी नमाजानंतर तो आता थेट घरी येई. मासे येईनासे झाले, म्हणून ती मसूर शिजवी. “कहवाखान्यात नाही जात हल्ली?” तिने एकदा विचारलं. “गुडघे,” तो म्हणाला.

पुस्तक आलं तेव्हा ती भवनातच उभ्या उभ्या शेवटच्या पानावर गेली. वाक्य तिथे होतं, मोठ्या सुबक टायपात. त्याखाली कंसात ‘बाप तुकडा खातो. हशा.’

“हशासुद्धा छापलात?” ती म्हणाली.

“झाला होता ना?” मुहिब म्हणाला. “उस्ताझा, नियमच आहे. प्रयोग जसा झाला तीच संहिता छापायची, समितीने तीच पास केली. आणि खरं सांगू? त्या एका वाक्यावर बक्षीस आलं. हाजींनी आपलं नाव घाला असं एका शब्दाने म्हटलं नाही. लेखक म्हणून एकट्या तुम्ही. असा दिलदार माणूस मिळत नाही.”

तिने पुस्तक पिशवीच्या तळाशी, भाजीखाली घातलं. फिक्रीला दाखवायचंच नाही असं ठरवून ती घरी आली. पण झगलूलने बाजारात पेढीवर पुस्तक मांडून ठेवलं होतं आणि फिक्री तिथूनच आला होता.

“दे बघू,” ताटावर बसता बसता तो म्हणाला. “पुस्तक आलं म्हणे.”

त्याने चष्मा लावला. ओळीखाली बोट ठेवत, ओठ हलवत तो शेवटचं पान वाचत गेला. मसूर निवत होता. त्या वाक्याशी आल्यावर त्याने ते मोठ्याने वाचलं, अजिबात न हसता, एखादा निरोप वाचावा तसं. मग बोट तिथेच ठेवून म्हणाला, “तुला एक सांगितलं नव्हतं. मी कहवाखान्यात जात नव्हतो.”

इन्शिराहने मसुराचं भांडं बाजूला सरकवलं.

“शुक्रवारी बुर्गला जायचो. धक्क्यावर. येईल त्या होडीला विचारायचो, तिकडची काही खबर? ते कंटाळायचे. मग उगाच उभं राहिल्यासारखं दिसू नये म्हणून मासे घ्यायचो.” त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “तुला म्हटलं नाही. तू लिहितेस, चार माणसांत जातेस, वाटलं सावरलीय, कशाला खपली काढा. मग ते नाटक बघितलं. सगळे हसले, मीपण हसलो. पण रात्रभर डोक्यात तेच. म्हटलं, हिने माझ्यासाठीच लिहिलंय. हिला सगळं ठाऊक आहे आणि तोंडावर बोलता येत नाही म्हणून लोकांच्या तोंडून सांगतेय, की पुरे आता, म्हाताऱ्या. तेव्हापासून गेलो नाही.”

खिडकीखालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. फिक्रीने पानावरचं बोट उचललं नव्हतं.

“तूच लिहिलंस ना हे?”

पाच वर्षं तो एकटा धक्क्यावर उभा होता आणि ती एकटी टेबलाशी बसली होती. दोघंही वाट बघत होते, हे आज पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्याचं वाट बघणं संपून वर्ष झालं होतं. तिने नाही म्हटलं तर तो येत्या शुक्रवारी त्या गुडघ्यांनिशी पुन्हा बुर्गला जाईल, होड्यांपुढे उभा राहील आणि मासे घेऊन परत येईल. त्याचं दुखणं तिने स्वतःच्या डोळ्यांनी कमी होताना पाहिलं होतं. ते एका मुशब्बकवाल्याच्या घसरलेल्या जिभेने कमी झालं, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

“हो,” ती म्हणाली. “मीच लिहिलं.”

फिक्रीने मान हलवली. पुस्तक मिटून रोटीच्या टोपलीपासून दूर, चुरा पडणार नाही असं ठेवलं.

“हाझेमवर अल्लाह दया करो,” तो म्हणाला.

सहा वर्षांनी नाव या घरात उच्चारलं गेलं होतं. तो तिच्या उत्तरासाठी थांबला होता. ‘आमीन’ म्हटल्याशिवाय ती दुआ पुरी होत नाही.

“आमीन,” इन्शिराह म्हणाली. मग तिने टोपलीतली रोटी घेतली आणि दोन तुकडे केले.